पेंढ्याखालची कौलं

शिडीवर उभा राहून रावजी पेंढ्याचे झुबके कौलांवर दाबून बसवत होता आणि खाली शिडी धरून उभी असलेली बयाबाई त्याला शेवटचं सांगून बघत होती.

"अवो, आजचा दिस तरी ऱ्हाऊ द्या. पाव्हणं काय म्हनतील? गवतारू घरातली पोर."

"पाव्हणं येका दिसाचं," रावजी वरून म्हणाला, "पट्टी दर सालाची. शिडी धर नीट."

बयाबाईने शिडी नीट धरली. आजवर दुसरं केलं काय होतं?

पोलादपूरच्या अलीकडच्या त्या वाडीत रावजीइतकं कुणाचं बरं चाललेलं नव्हतं. नदीकाठची भातजमीन, वर डोंगराला साग. त्याच सागाच्या पैशांतून त्याने दासगावच्या बंदरावर उतरलेली मंगळुरी कौलं आणली आणि घर शाकारलं. बयाबाईला वाटलं, सुटलो. पण त्याच साली ग्रामपंचायत आली, पंचायतीबरोबर घरपट्टी आली, आणि कौलारू घराला जास्त, गवतारू घराला कमी असं रावजीच्या कानावर आलं. चार दिवस तो जेवला नाही धड. पाचव्या दिवशी त्याने कौलांवर पेंढा चढवला.

तेव्हापासून दर वर्षी हेच. पेंढा कुजायचा, त्यात उंदीर व्हायचे, ओल धरून कौलं शेवाळायची आणि गळायची. घर गवतारू असतं तर वर्षाला एकदाच शाकारावं लागलं असतं, कौलारू असतं तर नुसती कौलं चाळून भागलं असतं. बयाबाईच्या वाट्याला दोन्ही आली होती. वर वैशाखात म्हशीला पेंढा कमी पडायचा, तो रावजी विकत आणायचा. हे तिने एकदा त्याला बोलून दाखवलं होतं. "त्यो पेंढा म्हशीच्या पोटात जातो," तो म्हणाला, "पट्टी कुनाच्या पोटात जाते, म्हायत हाय?" वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी चहाडी करायला जात नव्हतं. पंचायतीचा माणूस आला की लांबूनच छपराकडे बघायचा आणि उन्हाचा निघून जायचा. तो याच आठवड्यात पुन्हा यायचा होता.

आणि आज बिरवाडीचा महिपती आपल्या मुलासाठी शकूला बघायला येणार होता. शकू त्यांची एकुलती पोर. मागे दोन स्थळं छपराकडे बघूनच परत गेली होती. हे तिसरं. हे जमावं म्हणून बयाबाईने देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते.

पाहुणे आले ते उन्हातून, धुळीने माखून. महिपती पुढे, मागे मुलगा भागोजी, त्याच्या नव्याकोऱ्या वहाणा हातात, आणि सगळ्यांच्या मागे महिपतीची बायको ठमाबाई. मुलगी बघायला बायका सहसा येत नसत. ही कशी आली, याचं बयाबाईला नवल वाटलं.

"एष्टी हितवर येत नाय का?" रावजीने पाय धुवायला पाणी देत विचारलं.

"येते की," महिपती म्हणाला. "पन येक टप्पा आधी उतरलं तर तिकीट कमी पडतं. ह्येनंच सांगितलं." त्याने कौतुकाने मुलाकडे बघितलं. "माज्याबी ध्यानात आलं नव्हतं."

भागोजी हसला आणि वहाणा ओटीच्या कडेला जपून ठेवल्या. पोरगा दिसायला चांगला होता, अंगाने भरलेला. दाराआडून बघणाऱ्या बयाबाईचा जीव थोडा भांड्यात पडला.

शकू पाणी देऊन गेली. नाव विचारून झालं, चालवून झालं. चहा गुळाचा झाला, कारण साखर रावजीने मोजकीच आणली होती, आणि ती चहासाठी नव्हती. सोयरीक ठरली की दोन्हीकडच्यांच्या हातावर ठेवायला होती. चुलीजवळ पितळी डब्यात ती राखून ठेवली होती. त्या घराण्यांतून नकार तोंडावर द्यायची रीत नव्हती. पसंत असलं की साखर बाहेर यायची. नसलं की आतून बाईमाणूस म्हणायची, साखर संपली, आणि पाहुणे समजून उठायचे.

चहा घेता घेता महिपतीची नजर छपराकडे गेली. त्याने काठी उचलली आणि पागोळीजवळच्या पेंढ्यात खुपसली. टण्ण असा आवाज आला.

मग महिपती मोठ्याने हसला.

"कौलं! रावजीराव, मानलं तुमाला. वरनं पेंढा आन् खाली मंगळुरी!"

रावजी आधी ओशाळला, मग फुलला. जन्मात पहिल्यांदा त्याला जाणकार भेटला होता.

"आमचं ऐका," महिपती सरकून बसला. "घर पुरं झालं की पट्टी लागते, व्हय ना? म्या पुरंच केलं नाय. पाठची भिंत तशीच ठेवलीय. पंचायतीचा मानूस आला की सांगतो, बाबा, काम चालू हाय. पंचायत आली तवापासनं चालूच हाय!"

"वा!" रावजी म्हणाला. त्या 'वा'मध्ये खराखुरा आदर होता.

"मी तर म्हनतो," भागोजी पहिल्यांदाच बोलला, "लगीन झालं तरी भिंत घालायची नाय. आणखी खोली काढू, तीबी तीनच भिंतींची."

दोघे म्हातारे त्याच्याकडे बघतच राहिले. असा जावई शोधून मिळायचा नाही, हे रावजीच्या तोंडावर उमटलेलं बयाबाईला दारातूनही दिसलं.

ती आत वळली. ठमाबाई चुलीशी येऊन बसली होती आणि मान वर करून आतून दिसणारी कौलं बघत होती. धुराने काळी झालेली, पण ओळीने नीट बसवलेली.

"चांगली बसलीत," ठमाबाई म्हणाली.

"काय करायचं चांगली बसून," बयाबाई म्हणाली. आणि मग न राहवून विचारलं, "ती पाठची भिंत म्हंजे... तिकडं काय असतं?"

"चूल असते."

बयाबाईला पुढे विचारवेना. ठमाबाईनेच सांगितलं, भाताला पाणी किती घालते ते सांगावं तशा आवाजात.

"गवताचा झापा लावतो तिकडनं. पन आषाढात झड लागली की झापा काय करनार? मी इरलं घेते डोईवर आन् भाकऱ्या भाजते. शेतात घेतो ना लावनीला, तसंच. आतल्या खोलीत चूल मांडू म्हनलं, तर भिंती काळ्या व्हतील म्हनतात."

"आन् पोरगा? त्यो काय बोलत नाय?"

ठमाबाई जराशी हसली. "बापापरीस येक टप्पा म्होरं हाय त्यो."

कोपऱ्यात शकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. ठमाबाईने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. एखादीने बाजारात आवडलेली बांगडी परत ठेवताना बघावं तसं.

"पोर ग्वाड हाय तुमची," ती म्हणाली. "माज्या सोबतीला झाली असती. मला घरात बोलायला कोनी नाय."

तेवढ्यात ओटीवरून रावजीचा आवाज आला. इतका आनंदी आवाज बयाबाईने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"अगो, साखर आन!"

बयाबाईचा हात सवयीने डब्याकडे गेला. पण डबा जागेवर नव्हता. ठमाबाईने पायानेच तो हळूच सरकवला होता, भिंतीला टेकलेल्या सुपामागे. ती बयाबाईकडे बघत नव्हती. चुलीतल्या निखाऱ्याकडे बघत होती.

हे तिसरं स्थळ. चौथं कुठून येणार होतं? बयाबाईने शकूकडे बघितलं. मग वर, कौलांकडे.

"साखर संपली वो," ती दाराकडे तोंड करून म्हणाली.

ओटीवरून महिपतीचाच आवाज आला, आणखी खूश झालेला. "असंच पायजे! घरात नसली म्हंजे खर्च व्हत नाय. रावजीराव, गूळ आना. तोंड गोड झाल्याशी मतलब."

माणसाला नकारसुद्धा काटकसर वाटावी, याला काय म्हणायचं! बयाबाई उठली, दारात येऊन उभी राहिली. परक्या पुरुषांसमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"गूळबी नाय," ती म्हणाली.

आता महिपतीला समजलं. साखर रावजीने स्वतः आणली होती, पण पाहुण्यांसमोर बायकोला खोटं पाडायचं तर पोरीचंच हसं. त्याने बयाबाईकडे बघितलं. बयाबाईने नजर खाली घातली नाही. महिपतीने काठी उचलली, भागोजीने वहाणा.

बयाबाई आत आली. तिने सुपामागून डबा ओढला, मूठभर साखर घेतली आणि ठमाबाईच्या हातावर ठेवली.

ठमाबाई 'कशाला, नको' असं म्हणाली नाही. तिने सगळी साखर एकदम तोंडात टाकली, हळूहळू चावली आणि ओठ पदराने नीट पुसले, बाहेर कुणाला दिसू नये म्हणून.

"चार भिंतींचं घर बघा पोरीला," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

एष्टीचा थांबा वाडीच्या समोरच होता. पण तिघेही तिथे न थांबता सडकेने पुढे निघाले. मुलगा पुढे, बाप त्याच्यामागे आणि ठमाबाई शेवटी, एक टप्पा चालायला.