लाल रंगवलेली वस्ती

बाबांनी सहा निवडणुका लढवल्या. पाच जिंकल्या, सहावीत दोनशे सव्वीस मतांनी पडले. पंचवीस वर्षं आमदार राहिलेल्या माणसाच्या हिशेबात हा आकडा फारच किरकोळ होता, म्हणून तो त्यांना जास्त लागला. "दोन हजारांनी पडलो असतो तर झोप लागली असती," असं ते म्हणायचे.

हरल्यानंतर तीन वर्षांनी पक्षाने त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरवला. खरं तर पुढच्या खेपेला माझ्या धाकट्या भावाला उभं करायचं होतं, आणि त्यासाठी लोकांना बाबांची आठवण करून देणं भाग होतं. एक गौरवग्रंथ निघणार होता. त्यातला निवडणुकांचा तक्ता माझ्याकडे आला.

"तुझ्याशिवाय कोण करणार?" बाबा म्हणाले. "पहिल्यापासून तूच केलास."

ते खरं होतं. बाबा पहिल्यांदा निवडून आले तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मोजणीच्या दिवशी आमचा मोजणी प्रतिनिधी चुरगळलेले कागद घेऊन घरी आला. त्यावर फक्त मतदान केंद्रांचे क्रमांक आणि मतं. मी आलेखाच्या कागदावर त्यांचा तक्ता केला आणि टक्केवारी काढली. मग मतदारसंघाचा नकाशा जमिनीवर पसरून तो रंगीत पेन्सिलींनी रंगवला. साठ टक्क्यांच्या वर हिरवा, चाळीसच्या खाली लाल, मधला पिवळा. बाबा किती तरी वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी आईला हाक मारली, "अगं, ये जरा. पोरीने माझा एक्स-रे काढलाय."

तो नकाशा त्यांच्या कार्यालयात टेबलाच्या काचेखाली गेला आणि तिथेच राहिला. दर निवडणुकीनंतर मी नवा करायची. लग्न झालं, वजनमापं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तरी रजा टाकून करायची. कुणी रस्ता, नळ, दवाखाना मागायला आलं की बाबा आधी त्याला बसवायचे, चहा सांगायचे, मग काचेवर बोट टेकवायचे. हिरवा असेल तर चिटणिसाला हाक जायची. लाल असेल तर चहा मिळायचा, बाकी काही नाही. हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. लहानपणी गंमत वाटायची. मोठेपणी मी त्याचा विचार करत नसे.

नकाशातल्या एका लाल ठिपक्याची मात्र सगळ्या कार्यालयाला ओळख होती. ती ओढ्यापलीकडची वस्ती. पहिल्या निवडणुकीत ती गडद हिरवी होती. बाबांनी आभाराच्या सभेतच तिथे पूल जाहीर केला आणि महिन्याभरात पायाचा दगड बसवला. दुसऱ्या निवडणुकीत वस्ती लाल निघाली. पाचशेपैकी बाबांना जेमतेम ऐंशी मतं.

"दगडाला हार घातला आणि माझ्या गळ्याला फास," बाबा म्हणाले. काम थांबलं.

त्या वस्तीत एक शिंपी होता. बाबांच्या शपथविधीचं जाकीट त्यानेच शिवलं, पुढची सगळीही त्यानेच. मी त्यांना काका म्हणायची. वर्षातून दोनदा ते माप घ्यायला कार्यालयात यायचे. टेप गळ्यात, खडू कानावर. बाबांच्या पाठीवर टेप धरून दर वेळी तेच बोलणं.

"साहेब, पुलाचं काय?"

"काका, आता पुलाखालून बरंच पाणी गेलं."

"पुलाखालून नाही साहेब. नुसतंच गेलं. पूल आहे कुठं?"

बसलेले हसायचे. मग बाबा काचेकडे बोट दाखवायचे. "हे बघा. तुमची वस्ती. आकडे खोटं बोलत नाहीत, आणि हे आकडे माझ्या पोरीने काढलेत. गणितात पहिली येते ती."

"आम्ही मतं दिली, साहेब. घराघरातून मी स्वतः माणसं काढली. म्हाताऱ्यांना पाठीवर बसवून ओढा पार केला."

"तुमचे टाके जेवढे पक्के, तेवढी वस्ती पक्की असती, तर आज पुलावरून मोटारी गेल्या असत्या!"

पुन्हा हशा. पहिल्यांदा हा विनोद झाला तेव्हा मी तिथे होते. सतरा-अठरा वर्षांची. मीही हसले होते. काकांनी हातातला टेप गुंडाळत माझ्याकडे बघितलं होतं. ते आठवायला मला काही कष्ट पडत नाहीत.

पुढे त्यांना सगळे पुलवाले म्हणू लागले. कुणी थापा मारायला लागलं की म्हणायचे, "काय पुलवाल्यासारखं सांगतोस." थाप मारणाऱ्या माणसाला आमच्या कार्यालयात हे नाव पडलं. काका तरीही येत राहिले. एकदा मीच न राहवून विचारलं, "काका, एवढं ऐकून घेऊन कशाला येता?"

"आलो नाही तर लोक म्हणतील, खोटाच होता," ते म्हणाले. "पूल नसला तर माणूस लांबून वळसा घालतो, ताई. शब्दाला कुठून वळसा घालायचा?"

गौरवग्रंथासाठी चिटणिसाने निवडणूक कचेरीतून सहाही वेळचे अधिकृत निकाल मागवले. आत्तापर्यंत मी मोजणी प्रतिनिधीच्या कागदांवर काम केलं होतं. या कागदांत क्रमांकाशेजारी केंद्राचं ठिकाण आणि मतदारांची वस्तीही छापलेली होती. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर मी ते लावत बसले.

ओढ्याच्या अलीकडे एक शाळा आहे. तिच्या दोन खोल्यांत दोन केंद्रं असतात. एक ओढ्यापलीकडच्या वस्तीचं, दुसरं खाणीच्या वसाहतीचं. पहिल्या निवडणुकीत वसाहत शहाऐंशी क्रमांकावर होती आणि वस्ती सत्याऐंशीवर. दुसऱ्या निवडणुकीच्या आधी यादी नव्याने झाली आणि त्या खोल्यांचा क्रम उलटला. वस्ती शहाऐंशी, वसाहत सत्याऐंशी. एवढंच.

मी मात्र नावांचा रकाना जुन्या तक्त्यावरून उतरवला होता. पुढच्या पाचही वेळा.

वसाहत बाबांच्या विरोधकांचा बालेकिल्ला. वस्ती बाबांची. दोन्हीकडचे मतदार पाचशे-साडेपाचशेच्या घरात, त्यामुळे संख्या बघून शंका यायला जागा नव्हती. नोकरीत मी रोज काटे तपासते. काटा रोज तेच वजन दाखवतो म्हणून तो बरोबर आहे असं मी कुणाला म्हणू देत नाही. स्वतःच्या तक्त्याला हा नियम मी कधी लावला नाही.

मी खरे आकडे एका कागदावर काढले. वस्तीची बाबांना पडलेली मतं: पहिल्या निवडणुकीत चारशे ऐंशी, मग पाचशे बारा, पाचशे तीस, चारशे अठ्ठ्याण्णव, पाचशे सात. लाल रंगवलेल्या त्या वर्षांत दर शंभरातले नव्वदहून जास्त. आणि माझ्या नकाशात हिरव्या दिसणाऱ्या ज्या वसाहतीला बाबांनी रस्ता, पाण्याची टाकी आणि दवाखाना दिला, तिथून शंभर मतं कधी मिळाली नव्हती.

सहाव्या ओळीवर मी थांबले. वस्तीचं मतदान एकशे चौऱ्याऐंशी. त्यातली बाबांना एकशे एकाहत्तर. बाकीचे आलेच नव्हते. मला तो दिवस आठवला. मतदानाच्या आदल्या दिवशी वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि ओढा दुथडी होता. जे आले ते हमरस्त्याने चौदा किलोमीटरचा वळसा घालून आले. साडेतीनशे माणसं काठावर अडकली, आणि बाबा दोनशे सव्वीसने पडले.

मी कागद घेऊन बाबांकडे गेले. ते व्हरांड्यात सत्काराच्या भाषणावर खुणा करत होते. मी सगळं सांगितलं. क्रमांक कसे उलटले, चूक कुणाची, आकडे काय. ते शांतपणे ऐकत होते. फारच शांतपणे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"तिसऱ्या निवडणुकीपासून. मोजणी प्रतिनिधीच्या ध्यानात आलं होतं."

"मग?"

"मग काय? आमदाराच्या हुशार पोरीने नकाशा उलटा रंगवला, असं चारचौघांत सांगू? तुझं नाव गेलं असतं."

"माझं नाव वाचवायला तुम्ही पाचशे लोकांचा पूल अडवलात?"

त्यांनी चष्मा काढला. "आता तू शास्त्र शिकलेली आहेस, म्हणून विचारतो. वसाहतीला सगळं दिलं, तिने मत दिलं नाही. वस्तीला काही दिलं नाही, तरी तिने दिलं. मग वस्तीला पूल देऊन माझं एक मत तरी वाढणार होतं का? सांग ना."

"सहाव्या वेळी साडेतीनशे कमी झाली. पूल नव्हता म्हणून."

त्यांनी कागद हातात घेतला. ती शेवटची ओळ त्यांनी पहिल्यांदाच बघितली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मला वाटलं, आता काही तरी म्हणतील. त्यांनी कागदाची घडी करून परत दिला.

"धरणवाल्यांनी मुद्दाम सोडलं पाणी," ते म्हणाले. "मी तेव्हाच म्हणालो होतो."

"तक्त्याखाली मी शुद्धिपत्र देणार आहे."

"शुद्धिपत्र पुस्तकाला असतं, पोरी. माणसाला नसतं."

मी तरी लिहिलं. चारच ओळी, आणि तक्त्यासोबत छापखान्यात पाठवल्या. मग आकड्यांची एक प्रत सही करून काकांच्या दुकानात गेले. नव्या आमदाराने अजून पूल केला नव्हता. त्याच्याही नकाशात ती वस्ती कुठल्या तरी रंगाची असणार. मी वळसा घालूनच गेले.

काकांनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि एकेका आकड्याखाली बोट फिरवत कागद वाचला.

"पाचशे सात," ते म्हणाले. "मी पाचशे नऊ धरले होते. दोघं मला फसवून गेले म्हणायचे."

"काका, चूक माझी होती."

"आता पुलाचं राहू दे, ताई. माझे गुडघे गेले. मला त्या कार्यालयातल्या लोकांसमोर हे ऐकायचंय. ज्यांनी खोटं म्हटलं, त्यांच्यासमोर. वाचाल?"

"वाचीन," मी म्हणाले. सत्कारात बाबांच्या कारकिर्दीचा आढावा मीच वाचणार होते.

गौरवग्रंथ सत्काराच्या दिवशीच हातात आला. तक्ता एकतिसाव्या पानावर होता, बिनचूक. खालच्या चार ओळी नव्हत्या. चिटणीस म्हणाला, "जागा नव्हती, ताई." त्या जागेवर वेलबुट्टी होती.

सभागृह भरलं होतं. काका तिसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. माझा कागद त्यांच्या वरच्या खिशात दिसत होता. मला वाटलं होतं की आधी आढावा होईल आणि मग बाबांचं भाषण. भाषणं लांबत गेली. चिटणिसाने घड्याळ बघितलं आणि बाबांना आधी उभं केलं.

बाबा चांगलं बोलतात. त्यांनी जुन्या माणसांची नावं घेतली, एकेकाला उभं केलं. मग त्यांची नजर तिसऱ्या रांगेवर गेली.

"आणि हे आमचे पुलवाले! अंगावरचं हे जाकीट त्यांचंच. टाका कधी उसवला नाही. वस्ती मात्र..." त्यांनी हात पसरून वाक्य सोडून दिलं. सगळ्यांना पुढचं पाठ होतं. सभागृह हसलं, मनापासून, जुन्या ओळखीचं हसू. व्यासपीठावरून मला काका दिसत होते. ते माझ्याकडे बघत होते. मी हसले नाही. पण न हसलेलं एवढ्या लांबून दिसतं का, मला माहीत नाही.

मग मला बोलावलं. ध्वनिक्षेपक खाली करायला कुणी तरी आलं, त्यात मिनिटभर गेलं. मी छापील आढावा बाजूला ठेवला आणि माझा कागद वाचला. कोणत्या वर्षी किती मतं. तक्त्यात वस्तीचं आणि वसाहतीचं नाव उलटं कसं पडलं. "ही चूक माझी होती," मी म्हणाले. "ओढ्यापलीकडच्या वस्तीने प्रत्येक वेळी साहेबांना मतं दिली. शिंपीकाका खरं बोलत होते. साहेबांना हे तिसऱ्या निवडणुकीपासून माहीत होतं."

मी वर बघितलं. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

तेवढ्यात माझ्या मागे टाळी वाजली. बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग भाऊ उठला, मग पहिली रांग, मग सगळेच. बाबांनी माझ्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. "बघा! स्वतःची चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते. हे संस्कार आहेत आमच्या घराचे. आणि याच घरातला मुलगा, हेच रक्त, उद्या तुमच्यासमोर मतं मागायला येणार आहे!"

टाळ्या वाढल्या. मी जिन्यावरून खाली उतरले आणि बाहेर गेले.

काका फाटकाजवळ कठड्याला धरून चपलेत पाय घालत होते. गुडघा वाकत नव्हता. मी खाली बसून चप्पल पुढे सरकवली.

"काका, मी वाचलं. सगळं वाचलं. तुम्ही आधीच बाहेर आलात."

आतून अजून आवाज येत होता.

"टाळ्याच ऐकल्या मी," ते म्हणाले आणि हमरस्त्याच्या बाजूला वळले.