नाताळाआधीचे चार दिवस

बाबा नानकटाईचं तूप फेटायला बसले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. माझ्या बापाने जन्मात स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा त्यांना हातात लागायचा. पण मी कसली हुशार! एकोणीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. नाताळ दोन दिवसांवर आला म्हणून स्वारी खुशीत आहे, एवढंच मला कळलं.

खरी गोष्ट अशी की माझा भाऊ शांतवन वारला होता. मालवाहू बोटीवर खलाशी होता. एडनला तापाने गेला, तिथेच त्याला पुरलं. कंपनीचं पत्र सोमवारी बाबांच्या ऑफिसात आलं, आणि हा शुक्रवार होता. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. नाताळाला घरी पोचतो असं शांतवनने स्वतः लिहिलं होतं, म्हणून पंचावन्न सालच्या त्या डिसेंबरात अंधेरीच्या आमच्या चाळीत आई आठवडाभर त्याच्यासाठी फराळ करत होती.

"चांगलं पांढरं होऊ द्या. त्याला खुसखुशीत लागते," आई म्हणाली.

बाबा परातीत तळहाताने तूपसाखर गोल गोल फिरवत राहिले. अर्धा तास झाला तरी थांबेनात.

"अहो, पुरे! हात गळून पडेल," आई हसली.

मी गोळ्यांवर चारोळी दाबत होते. पातेल्यात वाळू, खाली शेगडी, झाकणावर निखारे, हीच आमची भट्टी. पहिली ताटली निघाली तशी आईने चांगल्या चांगल्या नानकटाया वेचून डब्यात भरल्या.

"याला कुणी हात लावायचा नाही. माणिक, तूसुद्धा."

"मग मी काय जळक्या खाऊ?"

"खा की. तुला कोण बघायला येतंय!"

आम्ही दोघी हसलो. बाबा हसले नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या वनमालाकाकू झाकलेलं ताट घेऊन दारात आल्या. काकू मालवणच्या, त्यांचे यजमान दत्ताराम बाबांच्याच ऑफिसात.

"हे काय गं, वनमाला? तुझी दिवाळी तर कधीच झाली," आई म्हणाली.

काकूंनी रुमाल बाजूला केला. रव्याचे लाडू, शंकरपाळे. त्यांच्यात घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सणाचं गोडधोड करत नाहीत, शेजारपाजारचे आणून देतात. आम्ही ख्रिस्ती, पण नाताळ म्हणजे यांची दिवाळी, असा साधा विचार त्या माउलीने केला होता. बाबा ऑफिसात दत्तारामकाकांजवळ रडले, काकांनी घरी सांगितलं. आपल्याला कळलं म्हणजे आईला कळलंच असणार, असं काकूंना वाटलं.

त्यांची नजर आईच्या पिठाने भरलेल्या हातांवर गेली. "अगो बाय माझे," त्या पुटपुटल्या, "तुका कोणीच सांगूक नाय?"

"काय सांगायचं?"

काकूंनी रुमाल पुन्हा ताटावर ओढला. आईने बाबांकडे पाहिलं. "शांतवन?"

बाबांनी मान हलवली.

"कधी कळलं?"

"सोमवारी."

माझा तोल गेला. "चार दिवस तुम्ही हिला डबे भरू दिलेत? लाज नाही वाटली?" बापाशी मी असं कधीच बोलले नव्हते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "नाताळ होईपर्यंत तरी तुझा मुलगा असू दे, म्हटलं," ते आईला म्हणाले. "मला ते जमलं असतं, सुनंदा."

आई उठली आणि तिने काकूंपुढे हात केले.

"राहू दे गं," काकू रडत म्हणाल्या.

"दे. आता आमच्या घरी करायचं नसतं ना?"

ताट घेऊन ती बाबांशेजारी बसली. एक लाडू फोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"खा. सोमवारपासून तुम्ही धड जेवला नाहीत. मला वाटलं, पोट बिघडलंय."

बाबांनी लाडू तोंडात घातला आणि आमच्या सगळ्यांसमोर ते ओक्साबोक्शी रडले. मी त्यांच्यावर रागावले होते, अजूनही थोडी आहे. पण चार दिवस शांतवनचं मरण ते एकटेच उरावर घेऊन बसले होते, हे आधी आईला कळलं. मला नाही.