दोन खोल्यांच्या माश्या

"एकीनं दुसरीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आणि वीस वर्षांनी जे दिसेल ते दोघींनी मिळून बघायचं. शब्द द्या."

प्रयोगशाळेच्या बाईंनी हे सांगितलं तेव्हा ताई आणि धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी, नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. एकाच बाटलीतल्या फळमाश्यांचे बाईंनी दोन वाटे केले. ताईच्या माश्यांना गोड खाणं, धाकटीच्या माश्यांना पिठाची खळ. इतक्या पिढ्या वेगळ्या वाढल्यावर दोन्हीकडच्यांची जोडी जमते का, ते बघायचं होतं. एखादी माशी कपड्यावर बसून पलीकडे गेली तर सगळ्या कामावर पाणी! म्हणून दोघींच्या जेवायच्या वेळा वेगळ्या, यायचे जिनेही वेगळे.

पंधरा दिवसांना एक पिढी. बाई वारल्या, तरी देवाचं नाव घेऊन बाटल्या बदलायचा ताईचा नेम चुकला नाही. सुरुवातीला धाकटी दारातून ओरडायची, "काय गं ताई, जमेल का सोयरीक? तुझी पोरं भारी गोडखाऊ!" मग हाका थांबल्या, चिठ्ठ्या सुरू झाल्या. धाकटीच्या लेकीचं लग्न झालेलं ताईला कारकुनाकडून कळलं, तेही महिन्यानं.

वीस वर्षं भरली. ताईनं आपले दहा नर बाटलीत घालून कारकुनाबरोबर पाठवले आणि बोलावण्याची वाट बघत बसली. दुपारी कारकून चिठ्ठी घेऊन आला.

"मधे आठ पावलं, आणि टपाल मी वाहतोय! सख्ख्या ना हो तुम्ही?"

ताई कसनुसं हसली. चिठ्ठीत होतं: "एकटीनंच बघितलं. तुझे नर पंख थरथरवत मागे मागे फिरले, माझ्या माद्यांनी ढुंकून पाहिलं नाही. माझ्याकडच्या नरांना मात्र लगेच जवळ केलं. बाई म्हणायच्या तशी वेगळी जात व्हायला लागली. आता बघायचं काही उरलं नाही. उद्यापासून मी येणार नाही."

ताईनं चिठ्ठी दोनदा वाचली. पाचशे पिढ्या. माश्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. भेटच झाली नव्हती.

तिनं आणखी दहा नर एका बाटलीत घेतले, कापसाचा बोळा नीट बसवला. कामाचा अंगरखा खुंटीला अडकवला, केसांवरून हात फिरवला. मग दार ओढून घेतलं आणि बाटली पदराखाली धरून, वीस वर्षांत पहिल्यांदाच, ती समोरच्या खोलीकडे चालू लागली.