साक्षीला ठेवलेला साचा

मी कागद उचलायचा साचा बोलतोय. सागवानी चौकट, तिच्यावर पितळी तारांची जाळी. बोलायची मला सवय नाही. पाण्यात बुडायचं आणि लगदा घेऊन वर यायचं, एवढंच माझं काम. पण जे पाहिलं त्यानं मी हादरलो, तो अजून सावरलेलो नाही. म्हणून बोलतो. एकदाच बोलेन.

सध्या मी कोर्टाच्या एका खोलीत लोखंडी कपाटात आहे. कोपऱ्याला दोरीनं चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर आकडा आहे. खालच्या फळीवर एक सुरी आहे. शेजारी कुणाची तरी एकच चप्पल. या संगतीत मी बसलोय. मी!

मला एका सुतारानं बांधलं. चार दिवस तो कागदवाल्याच्या घरी मुक्कामाला होता, पण एक खिळा मारला नाही. लाकडात लाकूड अडकवलं. खिळा पाण्यात गंजतो आणि गंज कागदावर उतरतो. असं काम करणारी माणसं होती तेव्हा.

मग कागदवाल्यानं स्वतः बारीक तारेचा एक मासा वळवला आणि माझ्या जाळीवर शिवला. तारेवर लगदा पातळ बसतो. वाळलेला ताव उजेडात धरला की त्यात मासा दिसतो. मासा दिसला की ताव आमचा. दुसरी सही लागत नसे.

काम सोपं नव्हतं. जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या आणायच्या, बटणं काढायची, भिजवायच्या, कुटायच्या. लगदा झाला की हौदात सोडायचा. मला दोन्ही हातांनी धरून आत उतरवायचं, सपाट वर काढायचं आणि लगेच एकदा उभं, एकदा आडवं हलवायचं. क्षणभर उशीर झाला की ताव एकीकडे जाड, एकीकडे भोक. हे तोंडानं शिकवता येत नाही. हात फुगतात, बोटं सुरकुततात, मग कधीतरी येतं.

कागदवाल्याला तीन मुलं. थोरला दादा, मधली आक्का आणि धाकटा. धाकट्याची साठी उलटली तरी घरात तो धाकटाच. दादानं एकदाच हौदात हात घातला. "शी, किती गार आहे!" म्हणाला आणि हात पुसून बाहेर पडला. पुढे कचेरीत खुर्चीवर बसला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. खुर्चीवरही कुणीतरी बसायला हवं.

धाकटा मात्र माझा झाला. आणि आक्का कागदाची झाली. सासरहून ती एका पेटीसह परत आली ती कायमची. वडिलांनी रस्त्याकडच्या दोन खोल्या तिला दिल्या. "या तुझ्या," म्हणाले. झालं. आयुष्यभर कागद केला त्या माणसानं, पण एवढी गोष्ट कागदावर उतरवली नाही. घरात कशाला लिहायचं, असं वाटलं असेल.

त्या खोल्यांत आक्का वह्या शिवायची. ताव दुमडायची, हाडाच्या पट्टीनं घडी घोटायची, मेणाच्या दोऱ्यानं टाके घालायची. चित्रं काढणारे, गाणं लिहिणारे, हिशेबी, बिनहिशेबी, सगळे तिच्या खिडकीशी यायचे. "रेघा मारलेली नाही का?" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "रेघ तुमची तुम्ही मारा. मी जागा देते."

वडील गेले. पुढच्या वर्षी माझ्या माशाची शेपटी तुटली. धाकट्यानं नवी तार शिवली, पण वरचं टोक खाली वळलं. आक्कानं मला खिडकीत धरलं आणि ती हसत सुटली.

"अरे, हा मासा दमलाय! याला बसायला पाट दे."

"असू दे," धाकटा म्हणाला. "माझ्या हातचा आहे एवढं कळेल."

तेव्हापासून बावीस वर्षं आमच्या प्रत्येक तावात दमलेला मासा आहे. वडिलांच्या हयातीतला ताठ, नंतरचा दमलेला. हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. दादा पाहुण्यासारखा यायचा. कागद उजेडात धरून बघायला त्याला सवड कुठली?

गेल्या वर्षी तो आला आणि म्हणाला, "धाकट्या, दोन चांगले ताव दे रे. नातवाला चित्र काढायचंय."

धाकटा हरखला. दादानं कधी काही मागितलं नव्हतं. त्यानं गठ्ठ्यातले वरचे सहा बाजूला केले आणि मधले दोन काढून दिले. ते ताव मी उचललेले. मला आठवतात. निर्दोष होते.

त्यानंतर चार महिन्यांनी दादा पुन्हा आला. बरोबर वकील होता. धाकटा हौदावर होता, मी त्याच्या हातात. आक्काची हाक आली तसा तो मला घेऊनच पुढच्या खोलीत गेला. माझ्यातून पाणी ठिबकत होतं.

वकिलाच्या हातात एक कागद होता. पिवळा, कडा खाल्लेल्या. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी घर दादाच्या नावानं करून दिलं, असा मजकूर. खाली वडिलांची सही.

"आक्का, महिनाभरात खोल्या मोकळ्या कर," दादा म्हणाला. "माझा नाइलाज आहे. वडिलांची इच्छा."

आक्का खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "वडिलांनी मला दिल्यात या खोल्या."

"तोंडी. हे लेखी आहे." आणि मग दादानं ते केलं. कागद हातात घेतला, खिडकीशी गेला आणि उजेडात धरला. "खात्री नसेल तर बघा. वडिलांचाच कागद आहे. हा बघा मासा!"

मासा दिसला. दमलेला होता.

मला धक्का बसला म्हणणं थोडं आहे. माझ्या अंगातलं पाणी जागच्या जागी थांबलं असं वाटलं. तो नातवाच्या चित्राचा ताव होता. चहात बुडवून म्हातारा केला होता. मी इतक्या वर्षांत जाड ताव दिले, पातळ दिले, भोक पडलेले दिले. खोटा दिला नव्हता.

धाकट्यानं पाहिलं. आक्कानंही पाहिलं. वकील म्हणाला, "तुम्ही कारागीर. सांगा, कागद तुमच्याकडचाच ना?"

मी वाट पाहिली. आता बोलेल, आता बोलेल.

"कागद आमचाच आहे," धाकटा म्हणाला आणि मागे वळला.

हा दुसरा धक्का. पहिल्याहून मोठा. दादा परका झाला होता, पण हे हात माझे होते.

ते दोघे गेल्यावर आक्का हौदापाशी आली.

"शेपटी पाहिलीस ना?"

"पाहिली."

"मग?"

"दादा आहे तो, आक्का."

"आणि मी कोण आहे रे?"

ती गेली. धाकट्यानं मला हौदात उतरवलं, वर काढलं. ताव फाटला. पुन्हा उतरवलं. पुन्हा फाटला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यानं मला नुसतंच धरून ठेवलं, लगदा सगळा एका कोपऱ्यात गोळा होईपर्यंत. मग धुतलं, फडक्यात गुंडाळलं, काखेत घेतलं आणि आक्काच्या दारात जाऊन म्हणाला, "चल. कुठे तक्रार करायची ते बघू."

कोर्टात तो वर्षाचे ताव घेऊन गेला. आमच्याकडे रीत आहे. वर्षाचा शेवटचा ताव विकायचा नाही, कोपऱ्यात साल घालून ठेवून द्यायचा. वडिलांनी ठेवले, धाकट्यानं ठेवले. न्यायाधीश बाईंनी एकेक खिडकीत धरला. मासा ताठ, ताठ, ताठ. मग वडील गेल्याच्या पुढच्या सालापासून दमलेला. शेवटी दादाचा कागद धरला. मग तोच कागद माझ्यावर ठेवला. कागदातला मासा माझ्या तारेवर नेमका बसला.

दादाच्या वकिलानं विचारलं, "तेव्हा तुम्ही कागद आमचाच म्हणालात. म्हणजे खोटं बोललात?"

"खोटं नाही. अर्धं बोललो."

"का?"

"भ्यायलो. थोरला आहे."

बाई म्हणाल्या, "साचा निकाल लागेपर्यंत इथं ठेवावा लागेल. तुमचं काम अडेल. चालेल?"

दुसरा साचा त्याच्याकडे नव्हता. मला बांधणारा सुतार कधीच गेला. धाकट्यानं मला टेबलावर ठेवलं, फडकं काढून घडी करून खिशात घातलं. "ठेवा," म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. बरं केलं.

निकाल लागला, खोल्या आक्काकडे राहिल्या. वाटलं, आता मी घरी जाईन. तर तिसरा धक्का. दादानं अर्ज केलाय. साचा वडिलांचा होता, थोरला मुलगा म्हणून तो त्याला हवा. कपाटाचा कारकून ते वाचून शेजाऱ्याला म्हणाला, "लाकडाच्या चौकटीवरून भांडतायत बघा, सख्खे भाऊ!" शेजारी म्हणाला, "चूल पेटवायला हवी असेल."

दर तारखेला धाकटा येतो. ओलं फडकं आणतो. "एकदा पुसू द्या. सुकला तर तडकेल."

"पुराव्याला हात लावता येत नाही, बाबा."

मग तो बाकावर बसतो. फडकं त्याच्या हातातच वाळतं. घरी हौद कोरडा पडलाय. उरलेल्या तावांच्या वह्या आक्का शिवते आहे, संपतील तितक्या संपतील. माझ्या डाव्या सांध्यात चीर गेली आहे. काल आवाज झाला तो मीच.

बाई, तुम्ही कायदा बघाल. बघा. मी अडाणी लाकूड आहे, मला कलमं कळत नाहीत. माझं एकच मागणं आहे, आणि ते चीर वाढायच्या आत करा. अंगणात एक हौद भरा. लगदा कालवा. दादाला बाह्या वर करायला सांगा आणि मला त्याच्या हातात द्या. पाणी गार असेल. त्यानं एक ताव उचलावा. देखणा नको, अख्खा असला तरी पुरे.

उचलला, तर मी त्याचा.