साल्वादोरने न वाजवलेला सूर

तारकर्लीत साल्वादोरच्या व्हायोलिनबद्दल थापा पुष्कळ. एकदा म्हणे त्याने सूर लावला आणि जाळ्यातले बांगडे आपणहून टोपलीत शिरले. बांगड्यांचं सोडा, एक गोष्ट मात्र खरी. बायको तेरेझा गेल्यापासून तिच्या मरणदिवशी तो दरवर्षी अंगणातल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादीन ठेवी. शेजारीपाजारी जमून प्रार्थना गात. मग उकडलेले चणे वाटण्याआधी साल्वादोर एकटाच व्हायोलिन वाजवी, आणि शेवटच्या, सगळ्यांत उंच सुरापाशी गज तारेवरून अलगद उचली. सूर वाजतच नसे. तरी अंगणभर सगळ्यांना तो ऐकू येई. साल्वादोरला तर तो तेरेझाच्या आवाजात ऐकू येई. तेवढ्यासाठी म्हातारा वर्ष ढकली.

यंदा मुलगा कॉनरॅड आला. बंगळूरला मेंदूवर संशोधन करतो. बापाच्या वाजवण्याला तो आजवर ‘चण्यांवरची नोकरी’ म्हणत आलेला. गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर तपासून तो धावतच पडवीत आला.

“पप्पा, हय सूरच नाय! तू वाजवलंसच नाय!”

“मगे?”

“मगे काय मगे? पुढचो सूर ठावक असलो काय मेंदू तो आपणच भरून घेता. आमका ह्या आता खंय प्रयोगात गावलां, आणि तू जन्मभर ताच करतंस! लोकांका सांगू?”

पोराच्या तोंडची पहिली शाबासकी. म्हाताऱ्याची छाती भोपळ्याएवढी झाली.

“सांग तर! त्या गणपतक पैलो सांग. माका चणेखाऊ म्हणता मेलो.”

लादीन सुरू होण्याआधी कॉनरॅडने सगळ्यांना नीट समजावलं. मग साल्वादोरने वाजवलं. गज उचलला. झाडून सगळे सुराच्या जागी पडलेल्या त्या फटीला कान लावून बसले. फटीतून फक्त समुद्र आला.

“खरांच नाय रे वाजवलंस!” शेजारचा गणपत ओरडला. “इतकी वर्सां फसवलंस, चोरा!”

टाळ्या पडल्या. साल्वादोरने ती ओळ पुन्हा घेतली. पुन्हा गज उचलला. लोक हसले, पुन्हा टाळ्या. शेवटी त्याने तो सूर चक्क वाजवला. तो व्हायोलिनचाच निघाला.

“कित्याक रडतंस, पप्पा? लोकांका आवडलां.”

“थंय तुझी आवय होती रे, झिला.”

“मम्मीचो आवाज?” कॉनरॅडचे डोळे चमकले. “ता पण मेंदूच करता! थांब, परत सांग.” आणि त्याने मोबाईल बापाच्या तोंडापुढे धरला.

साल्वादोर काही बोलला नाही. तेवढं मात्र मोबाईलवर स्वच्छ उतरलं.