ग्रिमाल्दोची मूठमाती

रोक्कालुंगाच्या वाटेवर खेचर नेहमी एकाच वळणाला अडायचं, आणि बंधू लेउचो त्याला नेहमी त्याच शिव्या द्यायचा. यंदाही दिल्या. शिव्या अरबी होत्या, पूर्वेकडच्या आक्रे बंदरातल्या हमालांकडून उचललेल्या. इथे आपुलियात त्या कुणाला कळत नसत, त्यामुळे इस्पितळाच्या धर्मसंघाचा काळा झगा अंगावर असूनही म्हाताऱ्याची अब्रू शाबूत राहायची. गावात त्या कळणारा एकच माणूस होता, ग्रिमाल्दो. तो वेशीच्या कट्ट्यावर बसून खेचराची बाजू घ्यायचा आणि त्याच भाषेत उलट शिव्या हासडायचा. मग दोघे खोकला येईपर्यंत हसायचे.

यंदा कट्ट्यावर कोणी नव्हतं. लेउचोला त्याचं विशेष काही वाटलं नाही. शेतावर गेला असेल, नाहीतर बायकोने कामाला जुंपला असेल, असं म्हणत तो खेचरामागून लंगडत राहिला.

रोक्कालुंगा हे वाळीत टाकलेलं गाव. इथला जहागीरदार आणि बिशप यांचं पाणचक्कीवरून वाजलं, जहागीरदाराच्या माणसांनी बिशपच्या कारभाऱ्याला बडवून मारलं, आणि बिशपने रागाच्या भरात सगळ्या गावावरच बंदी घातली. ज्याने केलं तो नेपल्सला जाऊन मजेत राहिला. भोगायचं ते गावाने. चर्चला कुलूप, घंटा बंद, वेदीपुढची उपासना, म्हणजे मिस्सा नाही, लग्न नाही, मेलेल्या माणसाला पवित्र मातीत जागा नाही. लोक आपापल्या मेलेल्यांच्या पेट्या वेशीबाहेरच्या ऑलिव्हच्या झाडांच्या बेचक्यात बांधून ठेवत. कधीतरी बंदी उठेल आणि मग नीट पुरू, ही आशा. चार वर्षं झाली, झाडं भरत चालली होती.

या गावाला वर्षातला एक दिवस मिळायचा, तो लेउचोमुळे. इस्पितळाचा बंधू दान गोळा करायला वाळीत टाकलेल्या गावात आला, तर त्याच्या येण्याच्या आनंदात वर्षातून एकदा चर्च उघडावं, घंटा वाजवावी, मिस्सा करावा, असं पोपांनी फार पूर्वी संघाला फर्मान दिलेलं होतं. शिवाय जिवंतपणी जो संघाचा सोबती झाला असेल, त्याला बंदीतसुद्धा चर्चच्या आवारात मूठमाती द्यावी. सोबती व्हायचं म्हणजे वर्षाला बुधलाभर तेल द्यायचं आणि वेदीपुढे तसा शब्द द्यायचा. फर्मान मेणकापडात गुंडाळून लेउचो छातीशी बाळगायचा. त्याला लटकलेल्या शिशाच्या मोहरेने त्याच्या बरगडीवर कायमचा वळ उठला होता.

लेउचो मात्र या गावाची वाट वर्षभर बघायचा ती मिस्सासाठी नव्हे. हे त्याने कबुलीजबाबातही सांगितलं होतं. मिस्सा उरकला की तो ग्रिमाल्दोच्या अंगणात जाऊन बसायचा, माराल्दा दोघांपुढे वालाची घट्ट आमटी आणि कडू पाल्याची भाजी ठेवायची, आणि म्हणायची, “आलं का तुमचं आक्रे पुन्हा पानात? आता ते संपल्याशिवाय कुणाचे हात धुतले जायचे नाहीत.”

आणि खरंच नसत. आक्रेच्या इस्पितळात लेउचो आजाऱ्यांची सेवा करायचा आणि ग्रिमाल्दो स्वयंपाकघरात आचारी होता. तिथे आजाऱ्यांना ‘धनी’ म्हणायची रीत होती. भिकारी असो की खलाशी, एकदा खाटेवर पडला की तो धनी. धन्याला पांढरी पोळी, धन्याला साखरेचं पाणी, आणि एखाद्या धन्याने कोंबडीचा रस्सा अळणी म्हणून परत पाठवला की ग्रिमाल्दो झारा घेऊन त्याच्याशी भांडायला वर यायचा. संध्याकाळी इस्पितळाची घंटा आधी व्हायची, मग पिसाकरांची, मग व्हेनिसकरांची, आणि सगळं शहर त्या आवाजात थोडा वेळ भांडायचं थांबायचं. त्या घंटा सुलतानाच्या फौजेने कधीच उतरवल्या. शहर राहिलंच नाही. आता तो राहायचा त्या बार्लेत्ताच्या मठात लेउचोने आक्रेचं नाव काढलं की तरुण बंधू पानात बघायला लागत, एखादा उघड जांभई द्यायचा. त्यांचाही दोष नव्हता. जे पाहिलंच नाही त्याच्या आठवणीत कोण किती रमणार? पण आपण एका जागी चाळीस वर्षं जगलो आणि ती जागा आता फक्त दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहे, हे लेउचोला फार लागायचं.

माराल्दा वेशीच्या आत उभी होती. डोक्यावरून काळा रुमाल होता.

“डिसेंबरात, संत लुसीच्या सणानंतर गेला,” ती म्हणाली. “छातीत कफ झाला. चार दिवसांत आटोपलं.”

ती पुढे झाली आणि लेउचो तिच्यामागून ऑलिव्हच्या वाडीत गेला. पेटी साधी होती, सांध्यांना डांबर लावलं होतं. लेउचोने फळीवर हात ठेवला. त्याला रडू येईना. त्याला आठवत होती ती आक्रेतली शेवटची टळती दुपार. बुरूज पडला, लोक बंदराकडे पळत सुटले, आणि दगड लागून गुडघा फुटलेला तो जिन्यात पडून होता. ग्रिमाल्दो त्याला पाठुंगळी मारून निघाला, आणि बंदरापर्यंत सगळ्या वाटेने कुरकुरत राहिला की तुझ्यापायी माझा रस्सा चुलीवर जळतोय.

“भाऊ, आज चर्च उघडेल,” माराल्दा म्हणाली. “त्याला आत घेतील ना?”

लेउचोने पेटीवरचा हात काढला. दर वर्षी त्याने ग्रिमाल्दोच्या मागे लागून सांगितलं होतं की बाबा, बुधलाभर तेल दे, सोबती हो, न जाणो. आणि दर वर्षी ग्रिमाल्दो म्हणायचा, तुमच्या इस्पितळाच्या चुलीपुढे एकवीस वर्षं घाम गाळला, आता तेलही मीच देऊ? माझंच तुम्ही देणं लागता. म्हातारा हट्टाला पेटला की पेटला.

“तो सोबती नव्हता, माराल्दा.”

“मला का ठाऊक नाही? मी रोज कानीकपाळी ओरडत होते.” ती त्याच्याकडे न बघता पेटीवरची वाळकी पानं झाडत होती. “पण तुम्ही होता म्हणालात तर होता. तुमच्याशिवाय कोण सांगणार?”

मोठे पाद्री लांदोल्फो चर्चच्या पायरीवर किल्ली घेऊन तयारच होते. माणूस उंच, वाळलेला, बोलायला कोरडा, पण गावात राहिला होता. दुसरा कोणी असता तर बंदी पडल्यावर महिन्याभरात बदली मागून गेला असता. सगळं गाव धुतलेले कपडे घालून पटांगणात जमलं होतं. लेउचोने फर्मान काढलं, पाद्र्यांनी ते मस्तकाला लावलं, आणि मग आपल्या बाहीतून दुसरं एक पत्र काढलं. नवं होतं, बिशपकडून आलेली नक्कल.

झालं होतं असं, की संघाचे काही बंधू गावोगाव दान उकळायला मेलेल्या माणसांनाही सोबती करून घेऊ लागले होते. बिशपांनी रोमला तक्रारी केल्या, आणि पोपांनी संघाला खरमरीत पत्र लिहिलं. ते लांदोल्फोंनी वाचून दाखवलं. यापुढे बंदीच्या गावात कुणाला पुरायचं, तर संघाच्या बंधूने फर्मानाच्या मोहरेवर हात ठेवून शपथेवर सांगावं की हा माणूस जिवंतपणी सोबती झाला होता. जो खोटी शपथ घेईल तो त्याच क्षणी वाळीत. कुणी निकाल द्यायची गरज नाही.

“कुणासाठी घेणार आहात का?” पाद्र्यांनी विचारलं.

लेउचोने ग्रिमाल्दोचं नाव घेतलं आणि सांगायला सुरुवात केली, एकवीस वर्षं, चूल, रस्सा, धनी.

“पगारी होता,” लांदोल्फो म्हणाले.

“पगार घ्यायचा, हो.”

“मग आचाऱ्याची गोष्ट वेगळी आणि सोबत्याची वेगळी. बंधू, मी तुम्हाला अडवत नाही. शपथ घ्या, मी दार उघडतो, पेटी आत घेतो.” त्यांनी आवाज खाली आणला. “फक्त एक सांगतो. त्याच वाडीत, विहिरीशेजारच्या झाडावर माझी आई आहे. ती गेली त्यानंतर दोनदा तुम्ही आलात. मला तुम्हाला विचारावंसं वाटलं नसेल असं समजू नका.”

लेउचोने मान खाली घातली. या माणसाबद्दल आपण आत्ताच मनात काय काय वाईट विचार केले, ते आठवून त्याला लाज वाटली. आपण साठी उलटलेलो आहोत, उद्या खेचरावरून पडून मेलो तर वाळीत पडलेल्या अवस्थेत मरू, हेही त्याच्या मनात आलं. तो काही शूर माणूस नव्हता. आक्रेतही नव्हता, तिथे तो भांडी आणि पट्ट्या धुवायचा. मागे माराल्दा उभी होती. 

त्याने मोहर तळहाताखाली घेतली. एका बाजूला संत पीटर आणि संत पॉलची तोंडं होती, बोटांनी झिजलेली.

“ग्रिमाल्दो आमचा सोबती होता,” तो म्हणाला. “माझ्यासमोर झाला. शपथेवर सांगतो.”

लांदोल्फोंनी त्याच्याकडे पाहिलं, मग किल्लीकडे पाहिलं, आणि कुलपात फिरवली. कुलूप गंजलं होतं, दोघांना जोर लावावा लागला. दार उघडलं तसा आतला थंड, कोंडलेला वास बाहेर आला आणि बायका रडायला लागल्या. चौघांनी पेटी आणली. मग घंटा झाली. पहिल्या ठोक्याला कबुतरांचा थवा उडाला, पटांगणातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या, आणि एक पोर घाबरून आईच्या मागे लपलं. गेल्या वर्षीची घंटा त्याला आठवत नव्हती.

सगळे आत गेले. दर वर्षी लेउचो सर्वांच्या पुढे असायचा, आज लोकांनी त्याच्यासाठी वाट करून दिली तर तो म्हणाला की खेचर बिथरलंय, तुम्ही व्हा पुढे. खेचर सावलीत उभ्या उभ्या पेंगत होतं. लांदोल्फो उंबऱ्यात क्षणभर थांबले. त्यांना कळलं असावं. दार लावून घ्यायची रीत असताना ते त्यांनी सताड उघडं ठेवलं.

लेउचो बाहेर भिंतीच्या आडोशाला, गुरांच्या पाण्याच्या डोणीवर बसून राहिला. आतलं गाणं ऐकू येत होतं. निम्मे लोक शब्द विसरले होते. मेणबत्त्यांचा वास येत होता. आतल्या आवारात कुदळीचा आवाज झाला, मग मातीचा. ग्रिमाल्दो मातीत गेला आणि त्याच्याबरोबर आक्रेही गेलं, असं त्याला वाटलं. आता संध्याकाळच्या घंटांचा क्रम चुकला तरी दुरुस्त करायला कोणी नव्हतं. मग मात्र त्याला रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं.

माराल्दा सगळ्यांच्या आधी बाहेर आली. झग्याला माती लागली होती. तिने त्याला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

“तुम्ही आत नव्हतात?”

“मला जाता येत नाही आता.”

ते पत्र तिनेही ऐकलं होतं. तिला समजायला वेळ लागला नाही. “पुढे काय?” तिने विचारलं.

“बार्लेत्ताला जाऊन प्रमुखांच्या पायांवर सगळं घालायचं. जमिनीवर बसून कोरडी भाकर खायला लावतील, मग घेतील आत. पण या वाटेवर मला पुन्हा पाठवणार नाहीत.”

“आणि ग्रिमाल्दो? त्याला काढतील बाहेर?”

“पुरलेल्याला सहसा काढत नाहीत. मी त्यांच्या पाया पडेन.”

तिने आभार मानले नाहीत. माराल्दाचा तो स्वभाव नव्हता. रुमालाच्या टोकाने तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि ती डोणीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. आतून लोक तिला हाक मारत होते, तिने हाताने थांबा म्हणून सांगितलं.

“म्हणजे आज शेवटचं,” ती म्हणाली. “आणि यंदाचं तुमचं आक्रे राहिलंच.”

“कुणाशी बोलू आता, माराल्दा?”

“मी बहिरी होते का इतकी वर्षं?” ती म्हणाली. “बंदराच्या दरवाजातून आत आलं की डाव्या हाताला साबणवाले.”

“उजव्या.”

“डाव्या. उजव्या हाताला काच फुंकणारे. त्यांच्या भट्टीची धग लागायची म्हणून सगळे डावीकडून चालायचे, आणि घरी आलं की कपड्यांना साबणाचा वास.”

लेउचोने डोळे मिटले. दरवाजा आला, ओले दगड आले, हमालांची आरडाओरड आली. उजव्या गालाला धग लागली. डावीकडून साबणाचा तेलकट वास आला, इतका खरा की त्याने श्वास रोखून धरला. बाईचं बरोबर होतं. बार्लेत्ताच्या पलीकडे जिने समुद्र पाहिला नव्हता तिला ठाऊक होतं, आणि तो विसरला होता.

“मग?” तो डोळे न उघडता म्हणाला. “पुढे?”

“पुढे गल्ली अरुंद होते,” माराल्दा म्हणाली. “माझ्या मागून या.”