दुरुस्तीतला खंड तिसरा

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर पुस्तकदुरुस्तीची खोली होती आणि तिथे बसणाऱ्या बाइंडरला सगळे डॉक्टर म्हणत. चुकीचं काही नव्हतं. पेशंट कधी तक्रार करत नसत आणि बरे झाले की ओळख दाखवत नसत. चोपन्नाव्या वर्षापर्यंत त्याने हजारो पुस्तकं शिवली होती. एकच पुस्तक मात्र गेले अकरा महिने तो शिवत होता, आणि जेवढं शिवी तेवढं उसवत होता.

फुलपाखरं आणि पतंग यांचा तो दीडशे वर्षं जुना सचित्र कोश. त्यातला खंड तिसरा, म्हणजे नुसते पतंग. चव्वेचाळीस चित्रपानं, सगळी हाताने रंगवलेली, प्रत्येकावर झिरझिरीत कागदाचा पडदा. दोरा कुजून पानं सुटी झाली म्हणून तो खाली आला, आणि त्याच्या मागोमाग चित्रकलेच्या निवृत्त बाई आल्या. त्या ही चित्रं पेन्सिलीने उतरवून घेत होत्या. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांना पेला आणि केळं काढायला लावलं हो. म्हटलं, आता पंख असलेलं काहीतरी काढावं."

दुरुस्तीतलं पुस्तक खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, बघायचंच असेल तर दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर, त्याच्या देखत बघायचं, असा ग्रंथालयाचा नियम होता. तो करणाऱ्याला डॉक्टर दर बुधवारी मनोमन दुवा देई. बुधवारी अकराला बाई येत. डॉक्टर चिमट्याने पडदा उचले, पान हलू नये म्हणून कडेला दोन बोटं ठेवी आणि तासभर ती तशीच ठेवी.

"डॉक्टर, जिवंतपणी हा एवढा भडक असेल?"

"मी मेलेलेच बघितलेत, बाई. तेही ट्यूबलाइटखाली."

अशा गप्पा. पण त्यावर त्याचा आठवडा निघे. मग मंगळवार आला, की आदल्या दिवसांत घातलेली शिवण तो ब्लेडने हलकेच कापून टाकी.

घरी थोरल्या बहिणीला वास लागलाच. "खळ लावणाऱ्याला इस्त्रीचा शर्ट कशाला रे? आणि तो बुधवारीच?"

"बुधवारी साहेब फिरकतात, ताई."

"साहेबांच्या डोळ्यांत भरायचंय? आत्ता?"

साहेब फिरकले ते नेमके मंगळवारी. नवे ग्रंथपाल होते, रजिस्टर वाचायची सवय अजून गेली नव्हती. "अकरा महिने? अहो, तेवढ्यात लोक घर बांधून भाडेकरू ठेवतात!"

"जुना कागद आहे, साहेब. घाई केली की फाटतो."

"शुक्रवारी मला हे वर वाचनदालनात हवंय."

वर गेलं की पुस्तकाला डॉक्टरची गरज नव्हती, आणि पुस्तकाला नव्हती म्हणजे बाईंनाही नव्हती. हाताशी एक बुधवार उरला. रात्रभर त्याने एकच वाक्य घासूनपुसून लख्ख केलं: पुस्तक नसलं, तरी बुधवारी खाली येत जा.

बुधवारी बाई आल्या. त्रेचाळिसावं चित्र होतं. निम्मा तास गेल्यावर डॉक्टर म्हणाला, "बाई, हे शुक्रवारी वर जाणार."

पेन्सिल थांबली. "बरं झालं म्हणायचं?"

"ठणठणीत."

"तुमच्या हातचं. होणारच." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. वाक्य घशाशी आलं. डॉक्टरने तोंड उघडलं आणि म्हणाला, "वर उजेड चांगला असतो."

"असेल," बाई म्हणाल्या. "इथलाही वाईट नव्हता."

दाराशी त्या जरा रेंगाळल्या. डॉक्टर दोऱ्याचं रीळ गुंडाळत होता. ते आधीच गुंडाळलेलं होतं.

गुरुवारी त्याने अकरा महिन्यांचं काम अडीच तासांत संपवलं. शिवण अशी बसली, की स्वतःचाच राग यावा.

पुढच्या बुधवारी अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. खाली कोणी आलं नाही, यायचं काही कारणही नव्हतं. साडेअकराला डॉक्टरने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जिना चढला आणि तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच वाचकाची चिठ्ठी भरली. खंड तिसरा.

वाचनदालनाच्या शिपायाने चिठ्ठी उलटसुलट केली. "अहो डॉक्टर, तुम्हीच तर पाठवलंत परवा! ते त्या बाईंकडे आहे. खंड पहिला देऊ? फुलपाखरं आहेत. दिसायला जास्त छान."

"नको. तिसराच."

"मग थांबावं लागेल. बाईंचं काही लवकर आटपायचं नाही. सकाळपासून बघतोय, काढतात कमी, खोडतात जास्त."

डॉक्टरने लांब टेबलाकडे बघितलं. बाईंनी एका हाताने पडदा धरला होता आणि दुसऱ्या हाताने रबर.

"थांबतो," तो म्हणाला आणि त्यांच्या समोरची खुर्ची ओढून बसला. भिंतीवर पाटी होती: येथे बोलू नये. ते त्याला उत्तम जमत असे.